साल सुटते कधी?

सागाच्या ओंडक्याची साल हा माझा जुना नाद. आरामशीनवर गेलो की लोक लाकडाचा रंग आणि रेषा पाहतात, मी आधी साल पाहतो. जे. एस. गॅम्बल या वनाधिकाऱ्याच्या भारतीय लाकडांवरच्या ग्रंथात (पहिली आवृत्ती १८८१) झाडांच्या नोंदींत सालीचे वर्णन आधी येते आणि लाकडाचे मागून. तो क्रम मला पटतो, कारण करवतीची गाठ आधी सालीशीच पडते.

यवतमाळ, पांढरकवडा आणि पुसद या तीन वनविभागांतला साग कोरड्या पानझडी रानातला. कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्यातून, ओंडका ओढत आणला की सालीच्या भेगांत मुरूम आणि बारीक खडे रुतून बसतात. तसाच तो करवतीपुढे सरकवला तर पट्ट्याचे दात बोथट होतात, काप भरकटतो आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. साल मापातही घोळ करते. १०० सेंमी गोलाईच्या ओंडक्यावर फक्त १ सेंमी साल असेल, तर ती काढल्यावर गोलाई ९३.७ सेंमी उरते. पावगोलाईच्या वर्गाला लांबीने गुणण्याच्या रीतीने हिशेब केला तर घनफळ १२ टक्क्यांनी घटते.

साल काढणारी यंत्रे जगात कधीचीच आहेत. कागद कारखान्यांत ओंडके मोठ्या फिरत्या पिंपात घालतात आणि ते एकमेकांवर घासून सोलले जातात. करवत गिरण्यांसाठी स्वीडनचे ‘कँबिओ’ जातीचे कडे-यंत्र नावाजलेले. ओंडका फिरत्या कड्यातून सरळ पुढे जातो आणि कड्यावरचे बोथट टोकांचे हात त्याला दाबून साल खरवडतात. दात्यांचे फिरते डोके वापरणारी स्वस्त यंत्रे सालीबरोबर लाकूडही खातात. पाण्याचा झोत स्वच्छ काम करतो, पण त्याला पाणी लागते आणि नंतर ते गढूळ पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतो. यवतमाळात त्याचा विचारही नको.

कडे-यंत्र सागापुढे अडखळते, कारण सागाचे खोड बुडाशी पन्हळीदार असते. हात उंचवट्यांवरून घसरत जातात आणि खोबणीतली साल तशीच राहते. ती निघावी म्हणून दाब वाढवला की उंचवट्यावरचे लाकूड छिलून जाते. दाब वाढवणे म्हणजे सुधारणा, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो.

साल किती घट्ट बसते हे बरेचसे ऋतूवर अवलंबून आहे. साल आणि लाकूड यांच्यामध्ये वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो. थर जागा असताना पेशी कोवळ्या आणि रसरशीत असतात, म्हणून साल सहज सुटते. तो झोपला की पकड घट्ट होते. सागाच्या याच थरावर के. एस. राव आणि के. एस. राजपूत यांनी गुजरातच्या ओलसर आणि कोरड्या पानझडी रानांत काम केले. त्यांचा १९९९चा निबंध वनस्पतिशास्त्राचा आहे, आरामशीनशी त्याचा काही संबंध नाही. पण गिरणीच्या डोळ्यांनी तो वाचला की सागाचे वेळापत्रकच हाती लागते: वाढ पावसाळ्याशी बांधलेली, कोरड्या महिन्यांत थर निद्रिस्त.

आपल्याकडची तोड मात्र नेमकी कोरड्या महिन्यांत, पावसाळा सरल्यावर पुढचा पाऊस येईपर्यंत. गाड्या रानात तेव्हाच जातात, त्यामुळे त्यात दोष कोणाचाच नाही. साल सगळ्यात घट्ट असते तेव्हाच झाड पडते, मग ओंडका उन्हात पडून राहतो, मधला थर सुकतो आणि पकड आणखी वाढते.

‘मग पडल्यापडल्या सोला’ म्हटले की जुना वाद उभा राहतो. कीटकतज्ज्ञ सोलण्याच्या बाजूचे. सी. एफ. सी. बीसन यांचा १९४१चा ग्रंथ या क्षेत्रातला आधार. सालीखाली अंडी घालणाऱ्या भुंग्यांना सोललेला ओंडका निरुपयोगी असतो. लाकूड सुकवणारे मात्र म्हणतात, विदर्भातल्या उन्हाळ्यात साल हेच ओंडक्याचे छत्र. ते काढले की बाहेरची बाजू झपाट्याने आकसते आणि तडे जातात. दोघांचेही खरे आहे. माझा कौल सोलण्याला, पण दोन अटींवर: दोन्ही टोकांना लगेच मेण किंवा डांबर लावायचे आणि ओंडके सावलीत रचायचे.

आणि हे काम प्रत्येक आरामशीनवर नको, वनविभागाच्या लाकूड डेपोत व्हावे. १२ डिसेंबर १९९६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आरामशीनच्या परवान्यांवर कडक बंधने आली. अशा बंधनांत छोट्या गिरणीने महागडे यंत्र घेऊन ते वर्षातले बरेच महिने झाकून ठेवायचे, हा हिशेब जुळत नाही. डेपोत एक कडे-यंत्र असावे, ओंडके जाडीप्रमाणे वेगळे करून द्यावेत, म्हणजे दाब वारंवार बदलावा लागणार नाही. बुडाच्या खोबणीतली साल माणसाने हाताच्या पात्याने काढावी. प्रत्येक ओंडक्यावर तोडीची तारीख रंगवावी आणि सगळ्यात ताजा माल आधी यंत्रावर चढवावा. सालीचा ढीग एका जागी पडेल, तो जळणाला जाईल. सोललेला माल लिलावाला आला की ते १२ टक्के कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्नही उरणार नाही.