जुनें रिव्हॉल्व्हर आणि काडतुसाचा दाब

मराठवाड्यांतून शहरांत येऊन राहिलेल्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव औसा, निलंगा, उमरगा या बाजूस असतें. वडील माणूस निवर्तल्यावर गांवचें घर आवरतांना संदुकीच्या तळाशीं, तेलकट फडक्यांत गुंडाळलेलें आजोबांचें लहानसें रिव्हॉल्व्हर हातीं लागावें, सोबत पिवळा पडलेला परवाना असावा, आणि घरांतील तरुणानें विचारावें, “याला काडतूस कोणतें चालेल?” असा प्रसंग अगदींच दुर्मिळ नाहीं. “जें बसेल तें चालेल,” असें उत्तर देणारे शहाणेही भेटतात. हें उत्तर घातक कां, तें आज पाहावयाचें आहे.

याच भागांतील किल्लारीची आठवण येथें उपयोगीं पडेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें चारच्या सुमारास तेथें भूकंप झाला आणि भोंवतालच्या गांवांतील हजारों माणसें आपल्याच घरांखालीं गाडलीं गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद अशीं तीं घरें होतीं. वरचा भार त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या पेलला. आडवा हिसका मात्र त्यांना सोसवला नाहीं. भिंती भक्कम नव्हत्या असें नव्हे. पण ज्या भारासाठीं त्या रचल्या होत्या तो निराळा होता. म्हणून एखादी वस्तु मजबूत आहे एवढें म्हणून भागत नाहीं. कशासाठीं मजबूत, हेंही विचारावें लागतें. शस्त्रालाही हाच न्याय लागू आहे.

चाप ओढला कीं घोडा काडतुसाच्या टोपीवर आदळतो, दारू पेटते आणि क्षणार्धांत तिचा तप्त वायु होतो. हा वायु गोळीला पुढें रेटतो, तसाच तो काडतुसाभोंवतालच्या घरालाही चहूंकडून बाहेर ढकलतो. रायफलींत या घराभोंवतीं जाड पोलाद असतें. रिव्हॉल्व्हरच्या चक्रांत मात्र पांच-सहा घरें शेजारीं शेजारीं कोरलेलीं असतात. दोन घरांमधील पडदा पातळ, बाहेरची भिंतही पातळ. आणि चक्र जागच्या जागीं थांबविण्यासाठीं पाडलेली खांच पुष्कळदां नेमकी घराच्या पाठीवर येते. सर्वांत दुबळी जागा तीच. वेब्लीसारख्या मधून मोडणाऱ्या बनावटींत बिजागरी आणि वरची अडक यांवरही प्रत्येक बाराचा ताण पडतो.

आतां काळाचा विचार करूं. स्मिथ आणि वेसन यांचें .३८ काडतूस १८७७ सालचें. त्या वेळीं काळी दारूच प्रचारांत होती. निर्धूम दारू फ्रान्समध्यें १८८४ सालीं निघाली. दाब वाढला तरी काळ्या दारूचा जळण्याचा वेग बेतानेंच वाढतो. निर्धूम दारूचा मात्र दाबाबरोबर झपाट्यानें वाढतो. शिवाय चक्राच्या पोलादाला योग्य पाणी देण्याची रीत नामांकित अमेरिकन कारखान्यांतही पहिल्या महायुद्धानंतरच रुळली. तेव्हां एकाच आकाराचीं दोन रिव्हॉल्व्हरें, एक १८९० चें आणि एक १९५० चें, डोळ्यांना जुळीं भावंडें दिसलीं तरी त्यांची सोसण्याची शक्ति एक नसते.

आपल्या देशांत लष्करी आणि पोलिसी व्यासाचीं शस्त्रें खाजगी नागरिकाला सहसा मिळत नाहींत. म्हणून घरगुती परवान्यावर बहुधा ‘बत्तीस’ हाच आंकडा आढळतो. खरा धोका या एका आंकड्यांतच आहे. बत्तीस या नांवाचें काडतूस एक नाहीं. रिव्हॉल्व्हरचें ‘लाँग’ काडतूस १८९६ सालचें. त्याला अमेरिकन प्रमाणानुसार दर चौरस इंचास १५,००० पौंड इतक्या दाबाची मर्यादा आहे. पिस्तुलाचें बत्तीस निराळें. त्याची मर्यादा २०,५०० पौंड, म्हणजे एक-तृतीयांशाहून अधिक जास्त. पहिल्याचें नळकांडें सुमारें २३ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याचें १७; पण दोहोंच्या अंगाची जाडी जवळजवळ सारखीच, साडेआठ मिलिमीटर. पिस्तुलाच्या काडतुसाची कड किंचितच बाहेर आलेली असते. तरी तें पुष्कळदां रिव्हॉल्व्हरच्या घरांत बसतें, टिकून राहतें आणि उडतेंही! अलीकडे अमेरिकेंत याच जाडीचें पण अधिक लांब असें एक ‘मॅग्नम’ काडतूस निघालें आहे. त्याची मर्यादा ४५,००० पौंड, म्हणजे तिप्पट. जुन्या स्वस्त शस्त्रांचीं घरें कधीं कधीं आरपार सरळ कोरलेलीं असतात. तेथें असें लांब काडतूसही आंत शिरण्याचा संभव असतो.

कोणी म्हणेल, शस्त्रावर दाबाचा आंकडा कोरलेला असतो, तो वाचावा. वाचावा खराच. इंग्लंडांत बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ पासून नळ्यांची परीक्षा घेऊन ठसे मारीत आलें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथून बाहेर पडलेल्या कित्येक.३८ रिव्हॉल्व्हरांवर ‘साडेतीन टन’ अशी खूण आढळते. परंतु तिचें साधें गणित केलें तर ७,८४० पौंड येतात, आणि त्याच काडतुसाचें अमेरिकन प्रमाण १४,५०० पौंड आहे! दोन्ही खरीं आहेत. मोजण्याची रीत मात्र निराळी. एका रीतींत धातूचा छोटा ठोकळा किती चेपला यावरून दाब काढतात. दुसरींत विजेच्या उपकरणानें तो क्षणाक्षणाला टिपतात. एका रीतीचा आंकडा दुसरीच्या तक्त्याशीं ताडून पाहणें म्हणजे शेर आणि किलो यांची गल्लत करणें होय. शिवाय तो ठसा शस्त्र नवें असतांनाचा आहे. मधल्या वर्षांतील गंज आणि झीज त्याला ठाऊक नाहीं.

“दोन बार काढून पाहूं, कांहीं झालें नाहीं तर ठीक,” हा विचारही फसवा आहे. दाब वाजवीपेक्षां जास्त झाला तर नळकांडें घरांत चिकटतें, टोपी चपटी होते, हें खरें. पण जुन्या हलक्या शस्त्रांत पितळेनें अशी तक्रार करण्याआधींच पोलाद ताणलें गेलेलें असतें. ती इजा सांचत जाते आणि कितव्या बाराला प्रकट होईल हें सांगतां येत नाहीं. उलट फारच दुबळें किंवा सर्दावलेलें काडतूसही निर्धोक नव्हे. त्याची गोळी नळींतच अडकते. आवाज बारीक आला म्हणून दुसरा बार काढला कीं नळी फुगते किंवा फुटते. म्हणून संदुकींतील जुनीं काडतुसें वापरूंच नयेत.

मग करावें काय? वारसाच्या नांवें परवाना नसेल, तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें तें शस्त्र प्रथम पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावें. परवाना झाल्यावर जाणत्या शस्त्रकारागिराकडून चक्र, खांचा, बिजागरी तपासून घ्यावी आणि घरें मागाहून कोरून वाढविलेलीं नाहींत ना, तें मोजून घ्यावें. काडतुसाच्या खोक्यावरील पूर्ण नांव शस्त्रावरील पूर्ण नांवाशीं जुळलें तरच तें घ्यावें; नुसता ‘बत्तीस’ हा शब्द पुरेसा मानूं नये. आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे; तेथील माल घेतांनाही तें रिव्हॉल्व्हरचें आहे कीं पिस्तुलाचें, हें वाचूनच घ्यावें. आणि कारागिरानें मान हलविली, तर आजोबांची ती आठवण रीतसर निकामी करून घेऊन जपावी. किल्लारीच्या परिसरांत नवीं घरें बांधतांना जुन्या भिंतींची रुंदी कोणी प्रमाण मानली नाहीं. धक्का बसला तर काय होईल हें आधीं विचारलें गेलें. काडतूस हातीं घेणारानेंही तोच प्रश्न घोड्याला बोट लावण्यापूर्वीं विचारावा.