वाट सांगण्याची भाषा : नाव, खूण आणि दिशा

वाट विचारणारास मिळणारे उत्तर ऐकताना साधे वाटते. परंतु नाव व वस्तू ह्यांचा परस्परसंबंध कसा घडतो व कसा पालटतो, हे त्यात स्पष्टपणे दिसून येते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील खर्डा येथे 'किल्ल्यापाशी' एवढे म्हटले की पुरते. १७९५ च्या लढाईत निजामाने ज्याचा आश्रय घेतला, तो एकच किल्ला गावात असल्यामुळे 'किल्ला' हे सामान्यनाम तेथे विशेषनामाचे कार्य करते. पुण्याच्या जुन्या पेठांत मात्र नुसते 'मारुतीपाशी' म्हणून भागत नाही. मारुतीची देवळे अनेक. म्हणून जिलब्या मारुती, डुल्या मारुती, सोन्या मारुती, भिकारदास मारुती अशी भेददर्शक नावे रूढ झाली.

नाव एकदा रूढ झाले की त्यातील विशेषणाचा मूळ अर्थ क्षीण होतो. निर्देश तेवढा टिकतो. लकडी पूल आज लाकडाचा नाही आणि १९२३ साली खुला झालेला 'नवा पूल' शंभर वर्षांनंतरही नवाच म्हटला जातो. ह्यात बोलणारास किंवा ऐकणारास विसंगती जाणवत नाही. ह्या पुलांची अधिकृत नावे अनुक्रमे संभाजी पूल व शिवाजी पूल अशी आहेत. परक्या माणसाची अडचण येथेच होते : नकाशा एक नाव दाखवितो, तर वाटेतला माणूस दुसरेच सांगतो.

दुसरी अडचण शब्दयोगी अव्ययांची. 'लकडी पुलाच्या अलीकडे' ह्या शब्दांनी सदाशिव पेठेतून निघालेल्यास नदीचा एक काठ समजतो, डेक्कन जिमखान्यावरून येणारास दुसरा. 'अलीकडे' व 'पलीकडे' ह्यांचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे ह्यावर अवलंबून असतो. म्हणूनच जाणता माणूस प्रथम 'आपण कोणीकडून येणार?' असे विचारतो.

अर्थात केवळ अधिकृत नावांची यादी म्हणजे स्थलनामांचा अभ्यास नव्हे. प्रत्येक स्थळाचे लोकरूढ नाव, ते कोण वापरतो आणि कोणत्या बाजूने वाट सांगतो, ह्यांचीही नोंद झाली पाहिजे. अधिकृत नाव कागदपत्रांत सुरक्षित राहते. लोकरूढ नावास मात्र बोलणाऱ्यांच्या मुखावाचून दुसरा आधार नसतो.