गृहोपयोगी उपकरणांतील फर्मवेअर आणि खंडित वीजपुरवठा

धुलाई यंत्र, वातानुकूलक इत्यादी उपकरणांचे नियंत्रण त्यांतील चिपमध्ये साठविलेली आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, करते. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याने पुढील दशकात प्रदीर्घ भारनियमन अनुभवले. अशा ठिकाणी फर्मवेअरच्या सदोष रचनेचा त्रास विशेष जाणवतो.

वीज जाताच तात्पुरत्या स्मृतीतील नोंद पुसली जाते. परिणामी, वीज परतल्यावर काही धुलाई यंत्रांत संपूर्ण क्रम पहिल्यापासून सुरू करावा लागतो व टंचाईच्या दिवसांत पाणी वाया जाते. प्रत्येक टप्पा वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत नोंदविल्यास हा दोष टळतो.

तथापि, वीज येताच तत्काळ सुरू होणेही सर्वथा हितावह नाही. कृषिपंपांच्या ऑटोस्विचमुळे सर्व पंप एकाच वेळी सुरू होऊन रोहित्रावर अतिरिक्त भार येतो. म्हणूनच ते वापरू नयेत, असे आवाहन महावितरणने वेळोवेळी केले आहे. वातानुकूलकाच्या कॉम्प्रेसरलाही पुन्हा सुरू होण्यापूर्वी काही मिनिटांचा विराम आवश्यक असतो.

सारांश, मागील स्थितीचे स्मरण आणि विलंबाने पुनरारंभ ही फर्मवेअरची दोन्ही कर्तव्ये होत. वीज खंडित होणे हा अपवाद न मानता नित्याची अवस्था मानूनच उपकरणांची रचना व चाचणी व्हावयास हवी.