क्षणभर वळणारा डीएनए आणि तो पाहणारा एनएमआर

गोंदियात आनुवंशिकतेवर बोलायचं म्हटलं की सिकलसेलला वळसा घालून जाता येत नाही. इथल्या कितीतरी घरांत 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरं लग्नाच्या बोलणीतही येतात. या आजाराचं मूळ एका अक्षरात आहे. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' झालं, प्रथिनात ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. आता ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. मग प्रश्न पडतो, की डीएनएची नक्कल एवढी चोख होते, तरी अक्षर चुकतं कसं?

पुस्तकातल्या चित्रात 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी' अगदी शिस्तीत उभे असतात. पण वॉटसन आणि क्रिक यांनी 1953 मध्येच सुचवलं होतं, की एखादा हायड्रोजन अणू क्षणभर जागा बदलत असेल तर चुकीची जोडीही बरोबर जोडीसारखी दिसेल. हे डीएनएमध्ये प्रत्यक्ष पकडायला साठ वर्षं लागली. कारण असा आकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी टिकतो, आणि कोणत्याही क्षणी शंभरात एकाहून कमी रेणू त्या अवस्थेत असतात. स्फटिकाचं क्ष-किरण चित्र बहुमताचंच निघतं, हा एखादा त्यात हरवून जातो.

इथे एनएमआर कामाला येतो. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो. प्रबळ चुंबकात काही अणुकेंद्रकं ठरावीक लयीत फिरतात, रेडिओलहरीचा धक्का दिला की त्या लयीचा सूर ऐकू येतो, आणि आजूबाजूची रचना बदलली की सूरही बदलतो. नेहमीचा कार्बन-12 मात्र मुका असतो. म्हणून डीएनए मुद्दाम कार्बन-13 आणि नायट्रोजन-15 घालून तयार करावा लागतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गिरजेश गोविल, रामकृष्ण होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात एनएमआरने डीएनएच्या रचना अभ्यासल्या, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

पण जो आकार जवळजवळ नसतोच, त्याचा सूर ऐकायचा कसा? शाळेतलं लेझीम पथक आठवा. सगळे एका ठेक्यात आहेत. एकेक जण मध्येच क्षणभर वेगळ्या लयीत जातो आणि परत येतो. तो परत आला तरी त्याचं पाऊल आता थोडं पुढेमागे पडलेलं असतं. असे बरेच जण झाले की पथकाचा एकत्र आवाज लवकर विरतो. भटकलेला एकटा दिसत नाही, पण त्याने केलेला बिघाड ऐकू येतो. आता हलगीवाल्याने जोर वाढवून सगळ्यांना ठेक्यात धरलं, तर बिघाड कमी होतो. एनएमआरमध्ये हा जोर म्हणजे सतत लावलेली रेडिओलहर. ती पायरीपायरीने वाढवत आवाज किती लवकर विरतो ते मोजायचं. त्यावरून किती रेणू भटकतात, किती वेळ भटकतात आणि त्या वेळी त्यांचा सूर काय असतो, या तिन्ही गोष्टी निघतात. न दिसणाऱ्या आकाराचा सूर मिळाला, म्हणजे त्याच्या ठेवणीचा माग लागला!

हाशिम अल-हाशिमी यांच्या गटाने 2011 मध्ये हेच केलं. साध्या, निरोगी डीएनएतही 'ए' अधूनमधून उलटा फिरतो आणि 'टी'शी वेगळ्या बाजूने हात मिळवतो, असं त्यांना दिसलं. कार्स्ट हूगस्टीन यांनी 1959 मध्ये स्फटिकात पाहिलेली जोडी ती हीच. खात्री कशी केली, ते आम्हाला सगळ्यात आवडतं. 'ए'च्या नेहमीच्या पकडीच्या जागी एक मिथाइल गट चिकटवला. नेहमीची जोडी आता जमेना, 'ए' उलटाच राहिला, आणि त्याचा सूर त्या क्षणिक आकाराच्या सुराशी जुळला.

मग 2015 मध्ये याच गटाने 'जी' आणि 'टी'ची चुकीची जोडी घेतली. ती क्षणभर बरोबर जोडीसारखा आकार धरते, म्हणजे 1953 चा अंदाज खरा निघाला. 2018 मध्ये तर नक्कल करणारं विकर किती वेळा चुकेल, याचा हिशेब या हालचालींवरून मांडता आला. मात्र सिकलसेलचं कोडं यातून सुटलं असं कुणी म्हणालं तर मानू नका. 'जी-टी' चुकीतून 'ए'चा 'जी' किंवा 'सी'चा 'टी' अशा प्रकारचे बदल होतात. सिकलसेलमधला 'ए'चा 'टी' हा बदल त्या जातीचा नाही.

आरएनए याबाबतीत कडक निघाला. त्याच्या दुहेरी पेडात 'ए' असा उलटताना आढळला नाही. 2016 मध्ये तोच मिथाइल गट आरएनएत बसवला, तर तिथे जोडीच मोडली. डीएनए अशी इजा वळून सोसतो, त्याचा पेड टिकतो. आरएनएला ते जमत नाही. पण पेशी काही आरएनएंवर हा मिथाइल गट मुद्दाम लावते. जोडी नको असेल तिथे मोडायला तो उपयोगी पडतो.