रेशन कार्डावर सहा, खोलीत एक

भरदुपारी गिरगावातून खांद्याला खांदा न घासता चालून दाखवा, जमणार नाही. तरी मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईची, वस्ती 2001 मधल्या 33 लाख 38 हजारांवरून 2011 मध्ये 30 लाख 85 हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी, आणि तरीही दर चौरस किलोमीटरला साडेएकोणीस हजारांच्या वर! रस्त्यावरची गर्दी कामापुरती येते आणि संध्याकाळच्या लोकलने परत जाते. मुक्कामाला कोण उरतं ते बघायला चाळीचे जिने चढावे लागतात.

मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, तेव्हा 2011 ची जनगणना ओघानेच गळ्यात पडली. एका तिसऱ्या मजल्यावर आजींनी रेशन कार्ड पुढे केलं. नावं सहा.

"सगळी लिहा हो बाई."

"इथं राहतात का?"

"राहतात डोंबिवलीला. पण नाव इथंच ठेवलंय."

जनगणनेला माणूस प्रत्यक्ष राहतो कुठे ते हवं असतं. मी एकच नाव लिहिलं. आजी रुसल्या, चहा मात्र पाजलाच.

त्यांचं रुसणं बिनबुडाचं नव्हतं. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार जागा सबळ कारणाशिवाय सलग 6 महिने वापरात नसेल, तर घरमालक ती परत मागू शकतो. भाडेकरू वारला, तर हक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे जातो. खोली पागडीची, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन भाड्याने घेतलेली, भाडं नाममात्र, आणि आज ना उद्या चाळीच्या जागी टॉवर होऊन त्यात घर मिळेल ही आशा. मग कुलूप लागू नये म्हणून कुणीतरी मागे राहायचं. कोण राहणार? ज्याला नोकरीसाठी गाडी पकडायची नाही तो.

जुन्या मुंबईच्या वस्तीतली घट काही नुसते पाळणे कमी हलल्यामुळे झालेली नाही. पाळणे कमी झालेत हे खरंच: लोकसंख्या टिकायला बाईमागे सरासरी 2.1 मुलं लागतात, महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीत ती 1.7 होती. पण दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावत नाहीत, आणि गिरगावात दुसरी जागा घ्यायची ऐपत नाही. लालबाग-परळमध्ये 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्याच गेल्या. त्याच 2001 ते 2011 मध्ये तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला. तरणी माणसं तिकडे गेली, म्हातारपण इकडे साठलं.

साठलं म्हणजे कसं? संडास गॅलरीच्या टोकाला, म्हणून रात्री पाणी प्यायचं नाही. भाजीवाला आला की दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. गुडघे गेलेल्या माणसाला लाकडी जिना उतरायचा तो फक्त डॉक्टर, बँक किंवा मतदान यांसाठी. पोळीभाजीचा डबा येतो. मुलगा रविवारी येतो, तोही मेगाब्लॉक नसेल तर.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकांत चर्चा होते चटईक्षेत्राची आणि गाड्या कुठे लावायच्या याची. तोवर सध्याच्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवा, ही माझी मागणी दर वेळी आयत्या वेळच्या विषयांत जाते, आणि ते विषय निघेपर्यंत डोंबिवलीकरांची गाडीची वेळ झालेली असते.