अंगणातील रणभूमी

आश्विन महिना सरत आला, पावसाने काढता पाय घेतला आणि शाळांना दिवाळीची सुट्टी लागली, की महाराष्ट्रात घरोघरच्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तर हा उद्योग मोठ्या हौसेने चालतो. दगड, विटा, फुटकी कौले, जुनी पोती आणि माती एवढ्या सामग्रीतून मुले चार दिवसांत डोंगर रचतात. त्यावर तट, बुरूज आणि दरवाजे बांधतात. सिंहासनावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवतात आणि वाटेवाटेवर मावळे उभे करतात. गावोगावची मंडळे अशा किल्ल्यांच्या स्पर्धाही भरवतात.

या प्रदेशात नमुन्यासाठी किल्ल्यांची वाण नाही. सातारा जिल्ह्यात प्रतापगड, सज्जनगड आणि वासोटा असे एकाहून एक गिरिदुर्ग आहेत. त्यांपैकी प्रतापगडाचा २०२५ साली मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत समावेश झाला. सांगली जिल्ह्यात मच्छिंद्रगड आणि बाणूरचा भूपाळगड हे डोंगरी किल्ले आहेत, तर कृष्णाकाठच्या सपाटीवर सांगली आणि मिरज येथे भुईकोट होते. गिरिदुर्गाचे रक्षण कडे करतात, भुईकोटाचे रक्षण तट आणि खंदक करतात. म्हणून गिरिदुर्ग करणाऱ्याला माती चढवावी लागते आणि भुईकोट करणाऱ्याला ती आधी उकरावी लागते.

खऱ्या वस्तूवरून तयार केलेल्या अशा लहान रचनेला प्रतिकृती म्हणतात. रणप्रसंगाच्या प्रतिकृतीत भूमी, वास्तू आणि माणसे या तिन्ही गोष्टी येतात. ती चांगली वठण्यासाठी एक गोष्ट अत्यावश्यक असते. ती म्हणजे प्रमाण. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. प्रमाण म्हणजे माप आणि प्रमाण म्हणजे पुरावा. प्रतिकृतीला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. कसे ते सातारच्या किल्ल्याच्या वेढ्यावरून चांगले समजते.

१६९९ सालच्या डिसेंबर महिन्यात मोगल बादशहा औरंगजेब मोठ्या फौजेनिशी साताऱ्यास आला. किल्ल्याच्या उत्तरेस करंजे येथे त्याचा तळ पडला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी तोफा डागल्या, मोर्चे पुढे सरकवले. तथापि चार महिने गड हाती आला नाही. याच काळात, मार्च १७०० मध्ये, सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले. गडावरील दाणागोटाही कमी होत चालला. अखेर मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले.

सुरुंग म्हणजे बुरुजाच्या पायाखाली खोदलेले भुयार होय. त्यात दारू ठासून भरतात आणि दूरवरून तिला बत्ती देतात. दारूचा भडका उडाला, की ज्या बाजूस माती आणि दगड यांचा दाब कमी असेल, त्या बाजूस तिचा जोर फुटतो. १७०० सालच्या एप्रिल महिन्यात साताऱ्यास एकाच दिवशी दोन सुरुंग उडाले. पहिल्या सुरुंगाने तट आतल्या बाजूस कोसळला. गडावरील अनेक माणसे दगडमातीखाली गाडली गेली. खुद्द प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्यात सापडले. परंतु त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. दुसरा सुरुंग उडाला तेव्हा बुरूज बाहेरच्या बाजूस ढासळला. तट पडताच आत घुसण्यासाठी मोगलांचे सैनिक खाली दाटीने उभे होते. बुरुजाचे दगड त्यांच्यावरच आले आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणांस मुकली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांच्या स्वाधीन झाला. त्याचे नाव आझमतारा असे ठेवण्यात आले. पुढे काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला आणि १७०८ साली साताऱ्यासच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. आज हा किल्ला अजिंक्यतारा या नावाने ओळखला जातो.

हा प्रसंग अंगणात उभा करावयाचा, तर प्रथम गणित मांडावे लागते. माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली आणि मावळा ५ सेंटिमीटर उंचीचा केला, तर तो खऱ्या माणसाच्या तेहतिसाव्या हिश्श्याएवढा होतो. मग प्रतिकृतीतील प्रत्येक वस्तू तेहतीस पटींनी लहान असली पाहिजे. तीन मीटर लांबीची तोफ ९ सेंटिमीटरांची होईल. दहा मीटर उंचीचा कडा ३० सेंटिमीटरांत बसेल. परंतु अजिंक्यताऱ्याचा डोंगर शहरापासून सुमारे तीनशे मीटर उंच आहे. तो याच मापाने केला, तर अंगणात नऊ मीटर उंचीचा ढीग रचावा लागेल आणि तो दुमजली घराच्याही वर जाईल! करंज्याचा तळ दोन किलोमीटर दूर धरला, तर बादशहाचा तंबू साठ मीटरांवर, म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ठोकावा लागेल.

उलट, सारा डोंगर एक मीटर उंचीत बसवावयाचा म्हटले, तर माप तीनशे पटींनी लहान होते आणि मावळा साडेपाच मिलिमीटरांचा, म्हणजे जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा उरतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सारा गड दाखवावयाचा असेल, तर माणसांचे चेहरे सोडावे लागतात. माणसे दाखवावयाची असतील, तर गडाचा एखादाच भाग निवडावा लागतो. अनेक किल्ल्यांवर मावळा दरवाजाहून उंच दिसतो आणि घोडा त्याच्या गुडघ्याशी येतो. असा मावळा स्वतःच्या गडात प्रवेशही करू शकणार नाही. म्हणून वेढ्याच्या प्रतिकृतीसाठी तटाचा एक तुकडा, एक बुरूज आणि त्याखालचा उतार एवढीच भूमी घेणे शहाणपणाचे ठरते. एका बाजूने उतार उभा कापून ठेवला, तर बुरुजाखालचे भुयारही पाहणाऱ्यास दिसू शकते.

माप ठरले, की भूमीचे काम सुरू होते. पुष्कळ मुले डोंगर म्हणून धान्याच्या राशीसारखा निमुळता ढीग करतात. सह्याद्रीतील डोंगरांची ठेवण मात्र वेगळी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून ते बनले. त्यांतील कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले. त्यामुळे साताऱ्याभोवतीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात व त्यांपैकी पुष्कळांचा माथा सपाट असतो. विटा आणि दगड यांची मांडणी याच पायऱ्यांप्रमाणे केली, तर पुढचे काम सोपे होते. त्यावर पोती पातळ चिखलात भिजवून अंथरतात. पोत्याच्या धाग्यांत चिखल धरून राहतो आणि कडेकपाऱ्या आपोआप उमटतात.

मातीची निवडही विचारपूर्वक करावी लागते. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. त्यामुळे तिला भेगा पडतात. महाबळेश्वर-जावळीकडील तांबडी माती इतकी आकसत नाही. काळ्या मातीत वाळू मिसळली, की तिचे आकसणे कमी होते. भुसा आणि शेण कालवले, की त्यांतील काड्या माती बांधून ठेवतात. मातीची घरे बांधणारे लोक भिंतीसाठी हीच युक्ती वापरत आले आहेत. तटाचे दगड दाखवावयाचे असतील, तर माती अर्धवट ओली असतानाच काडीने चिरा आखाव्यात.

यानंतर येते हिरवळ. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरण्याची रीत आहे. अळिवाचे बी भिजले, की चिकट होते आणि उतारावरही घट्ट धरून राहते. आठवड्याभरात सारा डोंगर हिरवागार दिसू लागतो. परंतु साताऱ्याचा सुरुंग उडाला तो एप्रिल महिन्यात. त्या दिवसांत सह्याद्रीवरील गवत वाळून पिवळे पडलेले असते. म्हणून त्या दिवसाची प्रतिकृती करणाऱ्याने अळिवाचा मोह सोडून वाळलेल्या गवताचा चुरा आणि भुसा पसरला पाहिजे. डोंगर थोडा उदास दिसेल. पण तो खरा दिसेल.

आता राहिल्या मूर्ती. कुंभाराकडील पुष्कळ मूर्ती साच्यातून निघतात. त्यामुळे एका साच्यातील सर्व मावळे एकाच ढबीने उभे असतात. हाताने केलेल्या मूर्तीत मात्र कोणी वाकलेला, कोणी धावणारा, कोणी दगड उचलणारा असा दाखवता येतो. त्यासाठी बारीक तारेचा सांगाडा करतात. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. म्हणून माती तडकते. तारेवर सुतळी गुंडाळून मातीचा पहिला पातळ थर द्यावा आणि तो वाळल्यावर दुसरा थर चढवावा, म्हणजे तडा जाण्याचे भय कमी होते. मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी. मोठ्या माणसाचे सारे शरीर त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसात पट उंच असते. हे ध्यानात ठेवले, तर मावळे बाहुल्यांसारखे दिसत नाहीत. गेरू, चुना, काजळ आणि हळद डिंकाच्या पाण्यात कालवून साधे रंग घरीच करता येतात. गडावरील माणसांस मुंडासे, अंगरखा, ढाल, तलवार आणि तोड्याची बंदूक शोभते.

दोन्ही बाजूंच्या मूर्ती सारख्याच काळजीने घडवणे योग्य होय. सुरुंगाखाली सापडलेली माणसे बादशहाच्या फौजेतील असली, तरी तीही माणसेच होती. दोन हजार मूर्ती कोणालाच करता येणार नाहीत. परंतु एका मूर्तीने शंभर माणसे दाखवावयाची असे ठरवून तशी पाटी लावली, तर वीस मूर्तींत तो भयंकर प्रसंग उभा राहतो.

ही युक्ती जगात पूर्वीही वापरली गेली आहे. १८१५ साली युरोपात वॉटर्लूची प्रसिद्ध लढाई झाली. तीत नेपोलियनचा पराभव झाला. पुढे विल्यम सायबर्न या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने त्या लढाईची प्रचंड प्रतिकृती करावयास घेतली. त्याने आठ महिने रणभूमीवर राहून चढउतार मोजले. लढाईत भाग घेतलेल्या अधिकाऱ्यांस पत्रे पाठवून, ‘त्या वेळी तुमची तुकडी नेमकी कोठे होती?’ अशी विचारणा केली. त्याने हजारो चिमुकले धातूचे सैनिक मांडले. त्यांतील एक सैनिक दोन माणसांच्या जागी होता. १८३८ साली ही प्रतिकृती लोकांस पाहावयास मिळाली.

परंतु तिच्यावरून वाद माजला. ब्रिटिशांच्या मदतीस आलेले प्रशियाचे सैन्य सायबर्नने पुराव्यानुसार ठळकपणे मांडले होते. विजयाचे श्रेय वाटले जावे, हे ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या बाजूच्या लोकांस रुचले नाही. शेवटी सायबर्नला प्रशियाचे कित्येक सैनिक प्रतिकृतीवरून उचलावे लागले. आज ती लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात आहे. सायबर्नने जमवलेली पत्रेही जपून ठेवलेली आहेत. त्यामुळे कोणते सैनिक उचलले गेले, हे अभ्यासकांस आजही सांगता येते.

सातारच्या वेढ्याची प्रतिकृती करणाऱ्यासही असाच मोह होणे साहजिक आहे. बाहेर कोसळलेला बुरूज दाखवावा आणि आत कोसळलेला तट गाळावा, असे त्याला वाटेल. किल्ला अजिंक्य होता, एवढेच सांगावेसे वाटेल. तथापि आत पडलेला तट काढून टाकला, तर ढिगाऱ्यातून बाहेर आलेले प्रयागजी प्रभूही प्रतिकृतीतून नाहीसे होतात. पोकळ झालेले धान्याचे कणगे दाखवले नाहीत, तर चार महिने गड लढवणाऱ्या माणसांनी काय सोसले हे कळत नाही. सत्य लपवल्याने शूरांचे शौर्य वाढत नाही, उलट ते झाकले जाते.

दिवाळी उलटली, की पहिल्या मोठ्या पावसाबरोबर अंगणातील तट विरघळून जातो आणि माती पुन्हा झाडांच्या आळ्यात जाते. परंतु ज्याने तो तट मापून बांधला, पायरीपायरीने डोंगर रचला आणि दोन्ही बाजूंच्या माणसांस सारखाच न्याय दिला, तो इतिहास निराळ्या दृष्टीने वाचू लागतो. कोणी अद्भुत हकिकत सांगितली, तर ‘याला प्रमाण काय?’ असे तो नम्रपणे, पण निर्भयपणे विचारतो. मातीच्या किल्ल्याने दिलेली ही सवय मात्र पावसाने वाहून जात नाही.