धार नसलेली सामुराई तलवार

लाकडी स्टँडवर एकाखाली एक आडव्या ठेवलेल्या दोन बाकदार तलवारी, काळं चकचकीत म्यान, मुठीवर चौकटी पाडत गुंडाळलेली दोरी. जपानी सिनेमे आणि अ‍ॅनिमे यांच्यामुळे ही जोडी आता जगभरच्या दिवाणखान्यांत पोचली आहे. लांब ती कटाना, आखूड ती वाकिझाशी. एडो काळात ही जोडी कमरेला खोवण्याचा मान सामुराईचाच. पुढे १८७६ साली मेइजी सरकारने फतवा काढला, सैनिक-पोलीस वगळता बाकीच्यांच्या कमरेवरून तलवार उतरवली आणि तलवारी घडवणाऱ्या लोहारांच्या पोटावर पाय आला.

गिफू प्रांतातलं सेकी हे अशाच लोहारांचं एक गाव. पाती घडवण्याची तिथली परंपरा सुमारे सातशे वर्षांची. तिथले कारागीर सुऱ्या, कात्र्या, चाकू यांकडे वळले आणि आज सेकीचं नाव स्वयंपाकघरातल्या सुरीवर जास्त दिसतं. पण शोभेच्या तलवारींचा धंदाही तिथेच फोफावला.

याचं कारण अस्सल तलवारीच्या किमतीत आणि कायद्यात आहे. जपानमध्ये १९५८च्या बंदूक-तलवार कायद्यानुसार खरी तलवार घरात ठेवता येते ती कलावस्तू म्हणून, आणि तिच्यासोबत नोंदणीपत्र लागतं. हे पत्र पोलीस देत नाहीत, प्रांताचं शिक्षण मंडळ देतं! तलवार घडवायची तर परवानाधारक उस्तादाकडे निदान पाच वर्षं उमेदवारी करायची आणि मग सरकारी परवाना मिळवायचा. त्यानंतरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवायची मुभा. पोलादही साधं चालत नाही. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे हिवाळ्यात मातीच्या भट्टीत लोहवाळू आणि कोळसा तीन दिवस-तीन रात्री जाळतात आणि शेवटी भट्टीच फोडून पोलादाचा गोळा बाहेर काढतात. त्यातल्या उत्तम पोलादाला तामाहागाने म्हणतात. बंद पडलेली ही भट्टी १९७७ साली जपानी तलवारींचं जतन करणाऱ्या संस्थेने पुन्हा पेटवली. इतक्या खटाटोपातून आलेली तलवार सामान्य जपानी माणसाच्या खिशाला झेपणारी नाही.

म्हणून मोगितो, म्हणजे शोभेची तलवार. तिचं पातं जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं, वरून मुलामा दिलेलं. हा धातू मऊ असतो. त्याला पाणी देता येत नाही, धार लावली तरी टिकत नाही. लोहचुंबक लावून पाहा, चिकटणार नाही. गंमत म्हणजे अशी बोथट तलवारसुद्धा सबळ कारणाशिवाय जवळ बाळगून हिंडायला जपानी कायद्याची मनाई आहे. घरात मांडा, मिरवू नका, असा तिथला सरळ हिशेब.

नक्कल ओळखायची खूण पात्यावरच असते. खऱ्या कटानाच्या धारेलगत एक पांढुरकी, धूसर, नागमोडी रेघ दिसते. तिला हामोन म्हणतात. पाणी देण्याआधी लोहार पात्यावर मातीचा लेप लावतो, पाठीवर जाड आणि धारेकडे पातळ. तापलेलं पातं पाण्यात बुडालं की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. हामोन ही त्या दोहोंमधली सीमा. पातं दिव्याखाली हळूहळू कलतं केलं की या रेघेत बारीक चकाकते कण उमटतात, विरतात, पुन्हा दुसरीकडे दिसतात. शोभेच्या तलवारीवर हीच रेघ पृष्ठभाग खरबरीत करून काढलेली असते, साडीच्या छापील काठासारखी. कशीही फिरवा, ती तशीच. सेकीचा जुना नामवंत लोहार मागोरोकु कानेमोतो याच्या हामोनमध्ये देवदाराच्या तीन शेंड्यांसारखा आकार पुन्हापुन्हा येतो. नकला करणाऱ्यांना तो फार आवडतो, पण त्यांचे शेंडे मोजूनमापून सारखे असतात.

मूठही पाहावी. अस्सल मुठीत दोरीखाली पाकट माशाचं कातडं असतं आणि त्याचे दाणे लहानमोठे असतात. स्वस्त नकलेत तिथे प्लॅस्टिक येतं. पातं मुठीत बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकवलेलं असतं. खुंटी काढून मूठ उतरवली की अस्सल पात्याच्या शेपटावर जुना गंज, कानशीचे ओरखडे आणि बहुधा लोहाराची सही सापडते.

माझं मत विचाराल तर सेकीची बिनधारेची नक्कल प्रामाणिक असते. ती कशाचंही सोंग आणत नाही. चीड येते ती ऑनलाइन 'अस्सल, लढाऊ' म्हणून खपवल्या जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या लांब पात्यांची. त्यातल्या कितीतरींच्या मुठीत जेमतेम बारीक सळई जोडलेली असते. हौसेने हवेत फिरवली की सांधा तुटतो आणि पातं समोरच्याच्या अंगावर जातं.

मांडणीचा संकेत साधा आहे. कटानाची धार वर आणि मूठ पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला. उजव्या हाताने चटकन उपसता येणार नाही अशी ठेवली की घरात सलोखा आहे, असा त्याचा अर्थ. ताची ही जुनी घोडेस्वारांची तलवार मात्र धार खाली ठेवून मांडतात. मिश्रधातूच्या पात्याला कोरडं फडकं पुरतं. पोलादी पात्याला जपानी लोक लवंगेचं तेल लावतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तेही वारंवार लावावं लागेल.

आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम तलवारीला शस्त्रच मानतात. विक्रेत्याने खोक्यावर 'शोभेची' असं छापलं म्हणून धारदार पोलादी पातं शोभेचं ठरत नाही. तेव्हा मागवायचीच असेल तर बिनधारेची, मिश्रधातूची मागवा, पावती जपून ठेवा, शंका असेल तर आधी पोलीस ठाण्यात विचारा, आणि ती मिरवणुकीत किंवा रीलसाठी घराबाहेर काढू नका.